चांगल्या सवयींची सापशिडी: वर्गासाठी घरच्या घरी बनवा

सापशिडी हा मुळात शिकवण्याचाच खेळ. जुन्या मोक्षपटात (परंपरा त्याचं श्रेय संत ज्ञानेश्वरांना देते) शिड्या म्हणजे सद्गुण आणि साप म्हणजे दुर्गुण. तोच पट मुलांच्या रोजच्या सवयींसाठी मांडता येतो. अडचण एकच: सापशिडीत सगळं फाशावर चालतं. हात धुणारा घसरतो, न धुणाराही घसरतो. सवय काही नशिबाने लागत नाही, म्हणून एक नियम बदलावा लागेल. तो पुढे सांगते.

आधी सवयी निवडा, आणि चारच निवडा. दहा घेतल्या तर एकही लक्षात राहत नाही. तिसरी ते सहावीच्या मुलांसाठी मी या घेईन: साबणाने हात धुणं, रात्री झोपण्यापूर्वी दात घासणं, नखं कापणं आणि वेळेवर झोपणं.

आता पट. एका कार्डशीटवर 7 सेंमीची 49 घरं आखा, सात आडव्या ओळी आणि सात उभ्या. शंभर घरांचा डाव एका तासिकेत संपत नाही. आकडे खालच्या डाव्या कोपऱ्यातून सुरू करा. शेत नांगरताना बैल टोकाला जाऊन वळतात, तसे पुढच्या ओळीत उलटे फिरा. 49 वरच्या उजव्या कोपऱ्यात येईल. सोंगट्यांना बाटलीची झाकणं चालतात.

सगळ्यात जास्त विचार सापांवर करा. तोंडाशी चूक आणि शेपटीशी तिचा परिणाम लिहायचा, आणि दोन्हींत खरं कारण असायला हवं. ‘हात धुतले नाहीत, 20 घरं मागे’ यातून मूल फक्त शिक्षा शिकतं. त्यापेक्षा असे साप काढा:

46 वरून 25: जेवणाआधी हात धुतले नाहीत – पोट बिघडलं, शाळा बुडली.
38 वरून 19: नखं वाढलेली, तीच तोंडात – जंतांची अंडी पोटात गेली.
31 वरून 12: रात्री उशिरापर्यंत मोबाइल – गणिताच्या तासाला डुलकी.
23 वरून 8: दात न घासताच झोप – दाढ किडली, ऊस खाता येईना.

शिड्या चार पुरेत. त्यांच्या पायथ्याशी मैदानावरचा खेळ, डब्यातली पालेभाजी, मोड आलेल्या मटकीची उसळ, पेरू असं काहीतरी येऊ द्या. इथे एक पथ्य कटाक्षाने पाळा. जे मुलाच्या हातात नाही, त्याचा साप करू नका. घरी दूध नसणं, जुने कपडे, अंगाने जाड किंवा बारीक असणं यांपैकी काहीही पटावर आलं, तर वर्गातलं एखादं मूल चारचौघांत मान खाली घालतं. बदाम, काजू नकोत. शेंगदाणे आणि गूळ लिहा.

आता बदललेला नियम. उरलेल्या घरांपैकी सोळा घरं हिरवी रंगवा. चिंचोके चार रंगांत रंगवा, एकेका सवयीला एक रंग. हिरव्या घरात थांबलेल्या खेळाडूने चारपैकी एक सवय स्वतः निवडायची आणि ती कृती करून दाखवायची. हात निवडले तर तळवे, हातांची मागची बाजू, बोटांच्या बेचक्या, अंगठे, नखांखालची जागा असं सगळं चोळायचं, आणि इतरांनी वीसपर्यंत सावकाश मोजायचं, कारण साबण किमान 20 सेकंद चोळायला हवा. झोप निवडली तर सकाळी उठण्याच्या वेळेवरून झोपायची वेळ सांगायची. सहा ते बारा वर्षांच्या मुलांना 9 ते 12 तास झोप लागते, त्यामुळे सहाला उठणाऱ्याने उशिरात उशिरा नऊला अंथरुणात असायला हवं. कृती बरोबर झाली की त्या रंगाचा चिंचोका मिळतो.

एकाच रंगाचे तीन चिंचोके जमले की त्या सवयीचा साप त्या खेळाडूला डावभर चावत नाही. एकदा केलं म्हणून सवय लागत नाही, हे मुलाला न सांगता कळतं. शिवाय निवड त्याची असते. कुणी 46 च्या भीतीने हातांचे चिंचोके साठवतं, तर कुणी चारही रंग गोळा करत बसतं आणि ऐनवेळी घसरतं.

वर्गात नेण्याआधी चार मुलांना पट द्या, नियम एकदाच सांगा आणि गप्प बसून बघा. जिथे ती भांडतात किंवा तुमच्याकडे बघतात, तो नियम अजून स्पष्ट झालेला नाही. पहिल्या शिडीपर्यंत पोचायलाच फार वेळ लागत असेल, तर ती दोन घरं खाली आणा.

घरी काय केलं याचे गुण मात्र डावात धरू नका. जिंकण्यासाठी मुलं खोटं सांगतील. 10 फेब्रुवारीच्या राष्ट्रीय जंतनाशक दिनाच्या आधीच्या आठवड्यात हा खेळ घ्या, 38 वरच्या सापाबद्दल प्रश्न आपोआप येतात. दोन-तीन डावांनंतर साप पाठ होतात. मग कोरा पट मुलांच्याच हाती द्या आणि नवे साप त्यांना काढू द्या. शेपटीशी काय लिहायचं यावर त्यांना हवा तेवढा वाद घालू द्या.