केबिनमध्ये खाट असते, अंथरूण-पांघरूण नसतं

डोंगरातल्या तळ्याकाठी केबिन घेऊन दोन-चार दिवस राहायचं ठरलं की यादी करत बसण्याआधी एक गोष्ट गाडीत नेऊन टाका: अंथरूण-पांघरूण. तंबूत राहणारा माणूस स्लीपिंग बॅग विसरत नाही, तंबू म्हटलं की ती डोळ्यांसमोर येतेच. केबिन म्हटलं की भिंती, छप्पर आणि दाराला कुलूप. फोटोत खाटा दिसतात आणि आपण मनातल्या मनात त्यांच्यावर उशा-रजया घालून मोकळे होतो. मीही झाले होते. कॅम्पग्राउंडवरच्या साध्या केबिनमधली खाट म्हणजे बहुतेक वेळा लाकडी फळी आणि वर रेक्झिनचं कव्हर घातलेली फोमची पातळ गादी. कूस बदलली की ती करकरते. अंग टेकलेलं असेल तेवढीच जागा ऊबदार, जरा सरकलात की पाठीला गार चटका. अंथरूण पाहून पाय पसरावेत म्हणतात. इथे पाहायला अंथरूणच नसतं.

त्यामुळे बुकिंग करताना फोटो पाहू नका, 'काय मिळेल' हा मजकूर वाचा. तिथे चादरी-ब्लँकेटचा उल्लेख नसेल तर ती नाहीत असंच धरा. शंका असेल तर फोन करून सरळ विचारा. त्याच फोनवर हेही उरकून घ्या: आत वीज आहे का, हीटर आहे का, नळ आत आहे की बाहेर सामायिक, शौचालय किती लांब, आत स्वयंपाक चालतो का (पुष्कळ ठिकाणी चालत नाही), आणि उशिरा पोचलो तर किल्ली कुठे मिळेल. किल्लीऐवजी कुलपाचा कोड येणार असेल तर तो कागदावर लिहून घ्या. ईमेलमध्ये ठेवलेला कोड दारात उभं राहून उघडायचा, तर तिथे रेंज नसते. नकाशाही आधीच डाउनलोड करून ठेवा.

आता थंडी, कारण "उन्हाळ्यात कसली थंडी?" असं म्हणणारा एक जण प्रत्येक ग्रुपमध्ये असतोच. उंचीवर हवा दर १००० मीटरला सरासरी साडेसहा अंशांनी थंड होते. म्हणजे घरापेक्षा १५०० मीटर वर गेलात की दहा अंश तिथेच गेले, रात्र अजून व्हायचीच आहे. त्यात आकाश निरभ्र आणि वारा पडलेला असला की उतारावरची गार, जड हवा ओघळून खोलगट भागात साचते. तळी खोलगट भागातच असतात आणि केबिनी त्यांच्या काठाला. शहराच्या हवामानाचा अंदाज बघून कपडे भरू नका. त्या उंचीचा, त्या जागेचा आणि रात्रीचा किमान आकडा बघा.

स्लीपिंग बॅगेवर मोठ्या अक्षरात छापलेल्या आकड्यावरही विसंबू नका. लेबलवर 'कम्फर्ट' आणि 'लिमिट' असे वेगवेगळे आकडे असतात. आपला आकडा कम्फर्टचा. लिमिट म्हणजे अंगाचं मुटकुळं करून कशीबशी निभावणारी रात्र, आणि 'एक्स्ट्रीम' लिहिलेलं असेल तर ते फक्त जीव वाचण्यापुरतं. बॅग नसेल तर घरच्या रजया घ्या, गाडी दारापर्यंत जात असेल तर वजनाचं काय कौतुक? पण अंगाखालीही काहीतरी हवं. खालून जाणारी ऊब वरच्या रजईने थांबत नाही, म्हणून गादीवर मॅट किंवा दुमडलेलं जाड ब्लँकेट घाला आणि मग चादर. उशी हवीच. माणशी एक संच, मोजून. "मुलं एकात दोन झोपतील" हा हिशेब रात्री कोलमडतो.

मी हे इतकं घोकतेय त्याला आणखी एक कारण आहे. पांघरूण नसलेला माणूस मध्यरात्री नको ते उपाय शोधतो: कोळशाची शेगडी आत घेऊ का, स्टोव्ह पेटता ठेवू का? नाही. अजिबात नाही. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, रंग नसतो, आणि झोपलेल्याला जाग येत नाही. विझत आलेले निखारेही तो वायू सोडतच असतात. खिडकी फटभर उघडी ठेवली म्हणजे झालं, असंही नाही. केबिनमध्ये लाकडाची शेगडी बसवलेली असेल तर बॅटरीवर चालणारा सीओ (कार्बन मोनॉक्साइड) अलार्म बरोबर न्या.

जळणासाठी लाकूड घरून नेऊ नका, तिथलंच घ्या. लाकडातून किडे प्रवास करतात. उत्तर अमेरिकेत २००२ मध्ये सापडलेल्या एमराल्ड ॲश बोरर या किड्याने कोट्यवधी ॲश झाडं मारली, आणि त्याच्या पसरण्यात लोकांनी गाडीतून नेलेल्या जळणाचा मोठा हात होता. काडेपेटी दोन ठिकाणी ठेवा, एक कोरड्या डब्यात.

पाणी. तळ्याचं पाणी कितीही स्वच्छ दिसलं तरी उकळा: खळखळून एक मिनिट, २००० मीटरच्या वर तीन मिनिटं. तिथे पाणी ९३ अंशांच्या आसपासच उकळतं, म्हणून स्वयंपाकालाही वेळ लागतो. गॅस थोडा जास्त घ्या. पाण्यावर हिरवा तवंग किंवा रंगासारखा थर दिसला तर ते उकळूनही पिऊ नका, अशा शेवाळात विष असू शकतं आणि ते उकळल्यावरही तसंच राहतं. कुत्र्यालाही त्यात सोडू नका.

पोहणाऱ्यांनी हे वाचाच. उन्हाने वरचं हातभर पाणी कोमट होतं, त्याच्या खाली ते एकदम गार असतं. एकदम उडी मारली की धाप लागते, आणि तोंड पाण्याखाली असताना धाप लागली तर पाणी आत जातं. पहिलं मिनिट फक्त श्वास सावरायचा. अतिथंड पाण्यात त्यानंतर हातपाय नीट चालतात ते जेमतेम दहा मिनिटं. म्हणून नावेत बसताना लाइफ जॅकेट अंगात हवं, नावेच्या तळाशी नको. वल्हवायला सकाळी जा. दुपारी दरीतून वारा सुटतो, आणि जाताना पाठीशी असलेला वारा येताना तोंडावर बसतो.

बाकी भराभर. हेडलॅम्प माणशी एक. शौचालय बाहेर असलं की त्याची किंमत कळते. टॉवेल, साबण, औषधं, डासांचं मलम, रेनकोट. कोरडे मोजे फक्त झोपण्यासाठी वेगळे. खाणं झाकणाच्या डब्यात, उंदीर असतातच. अस्वलांचा भाग असेल तर टूथपेस्टसकट वासाचं सगळं तिथल्या नियमाने सांगतील तिथे ठेवा. पत्ते घ्या, पाऊस पडणार. आणि अंथरूण-पांघरूण. ठेवलं म्हणता? डिकी उघडून बघा. "तू घेतलंस ना?" यावर "मला वाटलं तू घेतलंस" हे उत्तर तीन तासांच्या घाटानंतर ऐकायचं नसेल तर बघाच.

निघताना: आगीवर पाणी, राख ढवळून पुन्हा पाणी, हात जवळ नेला तर गार लागेपर्यंत. कचरा सोबत. खाटेखाली चार्जर बघा. खिडक्या, दिवे, किल्ली जागेवर.