मातीची चकती आणि बांबूची काडी: प्राचीन सूतकताई स्वतः करून पाहा

नेवाशाच्या उत्खननात ताम्रपाषाणयुगीन दफनातल्या तांब्याच्या मण्यांच्या माळेत धाग्याचे अवशेष मिळाले. तांब्याच्या क्षारांमुळे ते टिकले. एरवी आपल्या हवेत कापड कुजते आणि मागे उरतात भोक पाडलेल्या मातीच्या चकत्या. त्यांच्यावर कसले सूत निघत असेल, हे संग्रहालयाच्या काचेतून कळत नाही. चकती काडीत बसवून, म्हणजे टकळी करून, फिरवावी लागते.

आधी प्रश्न एकच ठरवा: चकतीच्या वजनाने सुतात काय फरक पडतो? कोपनहेगन विद्यापीठाच्या वस्त्रसंशोधन केंद्रात ४, ८ आणि १८ ग्रॅमच्या चकत्यांवर लोकर कातून पाहिली, तेव्हा हलक्या चकतीवर बारीक धागा निघाला. आपण कापसावर पाहू.

१. कुंभाराकडून मळलेली माती आणा आणि वेगवेगळ्या जाडीच्या तीन चकत्या थापा. ओल्या मातीतच मधोमध भोक पाडा. माती आकसते, म्हणून ते काडीपेक्षा किंचित मोठे ठेवा. भोक मध्यातून सरकले तर टकळी डगमगते, इथे घाई नको. चकत्या सावलीत वाळवा, भट्टीत भाजून घ्या आणि भाजल्यावरच वजन करा. साधारण ५, १० आणि २० ग्रॅम चालतील.

२. वीतभर बांबूची काडी तासून खालच्या बाजूला चकती घट्ट बसवा. वरच्या टोकाला खाच करा.

३. कापूस शेतातला, सरकीसकट घ्या. सपाट दगडावर बोंडातला कापूस ठेवून त्यावर लोखंडी सळई लाटली की सरकी सुटते. मग बोटांनी पिंजून सैल पेळू, म्हणजे कातायच्या कापसाच्या लांबट वळ्या, वळा. बहुतेकांना कातणे हेच मुख्य काम वाटते, पण पेळूत गाठी राहिल्या तर कोणतीही चकती एकसारखे सूत देणार नाही. म्हणून तिन्ही चकत्यांसाठी पेळू एकाच वेळी, एकाच कापसाचे करा.

४. टकळीचे टोक वाटीत टेकवा. कापसाचे तंतू आखूड असतात आणि लोंबकळत्या टकळीचे वजन कोवळ्या धाग्याला पेलत नाही. उजव्या हाताने काडीला गिरकी द्या, डाव्या हाताने पेळू हळूहळू मागे ओढा. पीळ तंतूंत चढताना बोटांना जाणवतो. तो पुरेसा झाला की सूत काडीवर गुंडाळा. सूत सलग निघू लागेपर्यंत मोजमाप सुरू करू नका, नाहीतर चकतीऐवजी तुमचा नवखेपणाच मोजला जाईल.

५. आता प्रत्येक चकतीवर अर्धा तास काता. सुताची लांबी, ते कितीदा तुटले आणि पिळाची दिशा वहीत लिहा. जाडी पाहायला सूत पट्टीवर शेजारी-शेजारी गुंडाळा आणि एका सेंटिमीटरमध्ये किती वेढे बसतात ते मोजा. दुसऱ्या दिवशी चकत्यांचा क्रम उलटा करा, म्हणजे हात बसल्याचा फायदा एकाच चकतीला मिळणार नाही.

या नोंदींतून एखाद्या चकतीवर कसले सूत निघू शकते एवढेच ठरते. उत्खननात सापडलेली प्रत्येक भोकाची चकती टकळीचीच होती असे नाही. त्यासाठी भोकाच्या कडेची झीज आणि ती कुठे, कशाशेजारी मिळाली हेही पाहावे लागते.