चेन-सॉ दुरुस्तीत येताय? आधी भुसा बघायला शिका

इंदूरला चेन-सॉच्या दुरुस्तीचा खरा हंगाम म्हणजे मे आणि जून. पाऊस लागायच्या आत कौलांवर, तारांवर आलेल्या फांद्या उतरवायच्या असतात, आणि वर्षभर खोलीत पडून राहिलेलं मशीन नेमकं तेव्हाच रुसतं. (शहरात झाड तोडायला परवानगी लागते, त्यासाठी 2001 चा कायदा आहे. गिऱ्हाइकाला एकदा आठवण करून द्यायला काही जात नाही.) आयटीआय करून या लाइनीत येऊ पाहणारी मुलं दुकानावर येतात आणि विचारतात, आधी काय शिकू, कार्ब्युरेटर की कॉइल? मी सांगतो, भुसा.

माझे उस्ताद जुन्या टू-स्ट्रोक स्कूटरींवर हात बसलेले. कोणी "पावर नहीं ले रही" म्हणत मशीन टेबलावर ठेवलं की ते म्हणायचे, "मशीन बाद में, पहले बुरादा दिखा." बागेत पडलेलं एक लाकूड त्यालाच कापायला लावायचे आणि खाली पडलेलं चिमटीत घेऊन बघायचे. धार चांगली असेल तर खोबऱ्याच्या किसासारखे जाडे तुकडे पडतात. धार गेली की पीठ पडतं. हे पीठच हवेच्या फिल्टरच्या जाळीत जाऊन बसतं. शिवाय बोथट चेनने माणूस मशीन दाबून धरतो, इंजिन तापतं आणि त्याच वेळी त्याला हवा कमी पडते. म्हणजे फिल्टर सारखा चोंदतो ही तक्रार कित्येकदा कानशीच्या कामाची असते. बारीक चेनला 4 मिमीची गोल कानस लागते, 0.325 इंच पिचच्या (म्हणजे कड्यांमधल्या अंतराच्या) चेनला 4.8 ची. फिल्टर साफ करून दिला आणि धार तशीच ठेवली, तर तोच माणूस आठवड्यात परत येणार आणि दोष तुम्हाला देणार.

आता थोडा हिशेब. चेन-सॉचं टू-स्ट्रोक इंजिन दर फेरीला हवा ओढतं. बाजारात सगळीकडे मिळणारं 58 सीसीचं मशीन मिनिटाला 9,000 फेऱ्यांवर चाललं, तर कागदावर मिनिटाला पाचशे लिटरहून जास्त हवा होते. प्रत्यक्षात थोडी कमी, पण ही हवा भुशाच्या ढगातून ओढलेली असते. आणि स्कूटरवाल्यांनाही कधी कधी लक्षात येत नाही अशी गोष्ट: इथे हवा सिलेंडरमध्ये जाण्याआधी क्रँककेसमधून (पिस्टनखालच्या क्रँकच्या पेटीतून) फिरते. त्यामुळे आत गेलेली धूळ पिस्टन तर घासतेच, पण जाता जाता क्रँकच्या बेअरिंगही खाते. खाली ऑइलचा साठा नाही, धूळ धरून ठेवणारा ऑइल फिल्टर नाही. जे आहे ते पेट्रोलमध्ये मिसळलेलं तेल, चांगलं असेल तर लिटरला 20 मिली.

फिल्टर काढतानाच निम्मी हानी होते. कव्हर उघडण्याआधी चोक ओढायचा, म्हणजे कार्ब्युरेटरचं तोंड झाकलं जातं. मग सुक्या ब्रशने आजूबाजूचा भुसा झाडायचा आणि त्यानंतरच फिल्टर उचलायचा. चेनचं तेल भुशात मिसळून काळा चिकट थर झालेला असतो, तो नेमका कडेला असतो आणि फिल्टर उचलला की आत पडायला टपलेला असतो. नायलॉनची जाळी असेल तर कोमट पाण्यात कपड्याचा साबण घालून धुवा आणि सावलीत पूर्ण वाळवा. फोमचा किंवा फेल्टचा असेल तर पेट्रोल लावू नका. फोम सुटतो, फेल्टचा चिकटवलेला जोड उकलतो. कॉम्प्रेसरची हवा मारायचीच असेल तर आतून बाहेर, कमी दाबाने आणि लांबून. बाहेरून आत मारलेली हवा धूळ जाळीत ठोकून बसवते. वाळल्यावर उजेडाकडे धरून बघा. सुईच्या टोकाएवढं छिद्र दिसलं तरी तो फिल्टर टाकायचा, चिकटपट्टी लावायची नाही.

एकदा रामबागेतले एक काका मशीन घेऊन आले. "अरे, फिल्टर तर नवा घातलाय, तरी धुरळा आत कसा?" फिल्टर खरंच नवा, पांढराशुभ्र. पण काढल्यावर कार्ब्युरेटरच्या तोंडाशी एका बाजूने पंख्यासारखी तपकिरी रेघ पसरलेली. स्वस्त नकली फिल्टरची कड जरा आखूड होती. जाळी स्वच्छ आणि हवा फटीतून. म्हणून माझी सवय अशी की फिल्टर काढल्यावर त्याच्या आतल्या बाजूने आणि कार्ब्युरेटरच्या तोंडात पांढरं फडकं गुंडाळून बोट फिरवायचं. फडक्याला रंग लागला तर जाळी, कड किंवा कार्ब्युरेटरमागचा रबरी बूट यांपैकी काहीतरी गळतंय.

पिस्टन बघायला इंजिन खोलावं लागत नाही. मफलर काढला की एक बाजू दिसते, कार्ब्युरेटर काढला की दुसरी. हवा शिरते त्या बाजूला मंद, घासल्यासारखा पट्टा दिसला तर धूळ आत गेली आहे. मफलरच्या बाजूला खोल उभे ओरखडे असतील तर तेल कमी पडलं किंवा मिश्रण पातळ (हवेच्या मानाने पेट्रोल कमी) झालं असणार. गिऱ्हाइकाला हे दाखवूनच बिल करा. वाद वाचतो.

सगळ्यात महाग पडणारी चूक नवीन मुलं ट्यूनिंगमध्ये करतात. चोंदलेल्या फिल्टरवर हवा कमी येते, मिश्रण जाड होतं, धूर येतो, प्लग काळा पडतो. मुलगा लगेच कार्ब्युरेटरचा स्क्रू घट्ट करून पेट्रोल कमी करतो आणि मशीन सुरेख वाजायला लागतं. दोन दिवसांनी मालक फिल्टर धुतो, हवा पुरेशी येते आणि पेट्रोल मात्र कमी केलेलं. पिस्टन धरतो, म्हणजे सिलेंडरमध्ये अडकून बसतो. तेव्हा आधी धार, मग फिल्टर, मग प्लग 0.5 मिमीच्या फटीने, आणि स्क्रूला हात शेवटी. टॅकोमीटर (फेऱ्या मोजायचं यंत्र) घ्या, कानावर ट्यूनिंग करणारे उस्ताद असतात, तुम्ही अजून नाही.

स्टार्टरच्या कव्हरच्या फटी आणि सिलेंडरवरच्या पट्ट्या (फिन) विसरू नका. सुबाभळीच्या ओल्या लाकडाचा भुसा तिथे लगद्यासारखा बसतो आणि इंजिनला वारा मिळत नाही. लाकडी काडीने खरवडा, स्क्रूड्रायव्हरने नाही. काही चांगल्या मशीनमध्ये फ्लायव्हीलचा पंखा जड कण बाहेर फेकतो आणि मधली स्वच्छ हवाच फिल्टरकडे जाते. तिथे फिल्टर बराच टिकतो, पण पंख्याची पाती तुटलेली असतील तर त्याचा काही उपयोग नाही.

गिऱ्हाइकाला सियागंजच्या बाजारातून एकाऐवजी दोन फिल्टर घ्यायला सांगा, एक मशीनवर आणि एक वाळत. घाईत ओलाच फिल्टर चढवणारे दर हंगामात भेटतात. मशीन उचल खात नाही, आणि तोवर त्यांनी प्लग बदललेला असतो.