सिस्टम कॉल फसल्यावर उपयोगी त्रुटी संदेश कसा द्यावा

‘फाइल उघडता आली नाही’ एवढेच छापून बंद पडणारा सी प्रोग्रॅम वापरणाऱ्याला काहीच सांगत नाही. कोणती फाइल, ती वाचायची होती की लिहायची, आणि कर्नलने, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टमच्या गाभ्याने, नकार का दिला, ही सगळी माहिती सिस्टम कॉल (प्रोग्रॅमने कर्नलकडे केलेली मागणी) फसला त्या क्षणी प्रोग्रॅमजवळ असते. तिथे ती टिपली नाही, तर पुढे कुणालाच ती सहजी परत मिळवता येत नाही. म्हणून संदेश तयार करण्याचे काम कॉल जिथे फसतो तिथेच करावे, वरच्या एखाद्या फंक्शनवर ढकलू नये. खालील पायऱ्या लिनक्स डोळ्यांसमोर ठेवून लिहिल्या आहेत.

सुरुवात परत आलेल्या किमतीपासून करावी. ओपन, रीड, राइट, फोर्क हे कॉल फसले की उणे एक परत देतात आणि कारणाचा क्रमांक ‘एर्नो’ या चलात ठेवतात. कॉल यशस्वी झाला म्हणून एर्नो शून्य होत नाही, त्यात आधीच्या कशाचा तरी आकडा तसाच राहू शकतो. त्यामुळे आधी परतीची किंमत तपासावी आणि ती अपयश सांगत असेल तरच एर्नोकडे पाहावे. थ्रेड, म्हणजे एकाच प्रोग्रॅममध्ये समांतर चालणारी कामे, हाताळणारी पीथ्रेड घराण्यातली फंक्शने मात्र एर्नोला हात न लावता त्रुटीचा क्रमांक थेट परत देतात. तिथे एर्नो छापला तर संदेश हमखास चुकीचा निघतो.

दुसरी पायरी एका ओळीची आहे, पण ती चुकली तर पुढचे सगळे व्यर्थ जाते. कॉल फसल्याबरोबर, दुसरे काहीही करण्याआधी, एर्नोची किंमत स्वतःच्या एका इंट चलात उतरवून घ्यावी. मधे क्लोज, जुन्या लायब्ररींतला फ्री किंवा नुसता प्रिंटएफ जरी आला तरी एर्नो बदलू शकतो. काही सी लायब्ररींमध्ये प्रिंटएफ आपले आउटपुट टर्मिनलला जोडलेले आहे का हे आतल्या आत तपासते, आणि टर्मिनल नसेल तर एर्नोमध्ये ‘ईनॉटटीटीवाय’ मागे ठेवते. जुन्या युनिक्सवर या त्रुटीचा मजकूर ‘हा टंकलेखक नव्हे’ अशा अर्थाचा होता. फाइल सापडत नाही म्हणून फसलेल्या प्रोग्रॅमने टंकलेखकाची तक्रार केली, तर वाचणाऱ्याने नेमका शोध कुठे सुरू करायचा?

यानंतर क्रमांकाचा मजकूर करावा. ‘पेरर’ हे सोपे साधन आहे, पण ते आपण दिलेला एकच शब्द आणि एर्नोचा अर्थ यापलीकडे काही छापत नाही, आणि बहुतेक जण त्या शब्दाच्या जागी ‘ओपन’ असे लिहून मोकळे होतात. त्यापेक्षा ‘स्ट्रएरर’कडून मजकूर घ्यावा आणि एफप्रिंटएफने पूर्ण वाक्य एसटीडीएररवर, म्हणजे त्रुटींसाठीच्या वेगळ्या प्रवाहावर, पाठवावे. एसटीडीआउटवर, म्हणजे नेहमीच्या आउटपुटवर, पाठवू नये, कारण ते फाइलकडे वळवलेले असेल तर संदेश निकालाच्या आकड्यांत मिसळून जाईल. अनेक थ्रेड असतील तर ‘स्ट्रएरर_आर’ वापरावे. मात्र त्याचे दोन अवतार आहेत, पॉझिक्स या युनिक्स मानकाचे इंट परत देते आणि ग्नूच्या सी लायब्ररीचे मजकुराचा पॉइंटर, त्यामुळे आपल्याकडे कोणते चालते हे आधी पाहून घ्यावे. स्ट्रएररचा मजकूर वापरणाऱ्याच्या भाषेत अनुवादित होऊन येऊ शकतो. तशा वेळी शोध घेण्यासाठी चिन्हनामाचा फार उपयोग होतो, म्हणून मजकुराबरोबर ‘ईनोएन्ट’ (फाइल किंवा डिरेक्टरी नाही), ‘ईॲक्सेस’ (परवानगी नाही) असे नावही छापावे. २०२० साली आलेल्या जीलिबसी या ग्नूच्या सी लायब्ररीच्या २.३२ आवृत्तीपासून त्यासाठी ‘स्ट्रएररनेम_एनपी’ हे फंक्शन तयार मिळते.

आता संदेशाची रचना. प्रोग्रॅमचे नाव, काय करायचे होते, कशावर करायचे होते, आणि का झाले नाही, या क्रमाने वाक्य लिहावे. उदाहरणार्थ:

अहवाल: "नोंदी/२०२४/मार्च.टीएक्सटी" ही फाइल वाचण्यासाठी उघडता आली नाही: अशी फाइल किंवा डिरेक्टरी नाही – ईनोएन्ट, २

फाइलच्या नावाभोवती अवतरणचिन्हे हवीतच, याचा आग्रह मी स्वतःच्या अनुभवावरून धरतो. एका कामात फाइलचे नाव सेटिंगच्या फाइलमधून ‘एफगेट्स’ या ओळ वाचणाऱ्या फंक्शनने वाचले जात होते. फाइल डिस्कवर स्पष्ट दिसत होती, तरी प्रोग्रॅम ती नाही म्हणत होता, आणि त्यात माझी अख्खी दुपार गेली. शेवटी संदेशात नावाभोवती अवतरणचिन्हे घातली, तेव्हा शेवटचे चिन्ह खालच्या ओळीवर पडलेले दिसले: एफगेट्सने ओळीच्या अखेरचे न्यूलाइन अक्षर नावातच ठेवले होते. फाइलचा मार्ग सापेक्ष, म्हणजे चालू डिरेक्टरीपासून मोजलेला, असेल, तर चालू डिरेक्टरीही संदेशात द्यावी, कारण क्रॉनमधून, म्हणजे ठरल्या वेळी आपोआप, चालणाऱ्या प्रोग्रॅमची चालू डिरेक्टरी आपण हाताने चालवतो तेव्हाच्यापेक्षा बहुधा वेगळी असते.

इथपर्यंतचे काम पुष्कळ प्रोग्रॅम करतात. खरी मदत पुढच्या पायरीत आहे, कारण एका क्रमांकामागे अनेक कारणे दडलेली असतात आणि त्यांतले कोणते लागू आहे हे शोधणे प्रोग्रॅमला माणसापेक्षा सोपे जाते. ईनोएन्टच घ्या. फाइल नसेल, वाटेतली डिरेक्टरी नसेल, सांकेतिक दुवा (सिमलिंक) नसलेल्या जागी नेत असेल किंवा नाव रिकामे असेल, तरी उत्तर तेच येते. ओपनला फाइल नवी तयार करायला सांगितली असूनही ईनोएन्ट आले, तर फाइल नसणे हे कारण असूच शकत नाही. दोष वाटेत आहे. प्रोग्रॅम चालवणाऱ्या एक्झेकव्हीई कॉलच्या बाबतीत स्क्रिप्ट जागेवर असूनही तिच्या पहिल्या ओळीत लिहिलेला इंटरप्रिटर (स्क्रिप्ट चालवणारा प्रोग्रॅम) सापडत नसेल तर हेच उत्तर येते, आणि विंडोजवर जतन केलेल्या स्क्रिप्टमध्ये त्या ओळीच्या टोकाला राहिलेले कॅरेज रिटर्न अक्षर हे त्याचे नेहमीचे कारण आहे. म्हणून मार्गाचा एकेक घटक डावीकडून ‘स्टॅट’ या फाइलची माहिती देणाऱ्या कॉलने तपासत जावे आणि पहिला नापास घटक संदेशात सांगावा: ‘कारण "नोंदी" या डिरेक्टरीत "२०२४" नावाचे काही नाही.’ ईॲक्सेस, म्हणजे क्रमांक १३, आल्यावरही अशीच वाटचाल करावी. फाइलच्या परवानग्या ठीक असूनही वरच्या एखाद्या डिरेक्टरीवर एक्सची परवानगी नसेल तर आत शिरताच येत नाही. तिथे प्रोग्रॅम कोणत्या युजरच्या नावाने चालतो आहे हेही छापावे.

ईनोस्पेस, क्रमांक २८, नेहमी डिस्क भरल्याचे सांगत नाही: जागा असूनही आयनोड (फाइलींच्या नोंदी ठेवण्याच्या जागा) संपलेले असू शकतात, आणि फाइलींतल्या बदलांवर नजर ठेवणाऱ्या आयनोटिफायच्या कॉलमध्ये त्याचा अर्थ पाळत ठेवण्याच्या नोंदींची मर्यादा संपली असा होतो. क्रमांक २४ चा ईएमफाइल एका प्रोसेसची उघड्या फाइलींची मर्यादा संपल्याचे सांगतो, तर २३ चा ईएनफाइल साऱ्या यंत्राची.

ही तपासणी कॉल फसल्यानंतर होते आणि मधल्या वेळात परिस्थिती पालटू शकते. तपासणीत सगळे ठीक दिसले तर कारण रचून सांगू नये, मूळ एर्नोचा मजकूर तेवढा द्यावा. हे सगळे स्वतः लिहायचे नसेल, तर पीटर मिलर यांची लिबएक्सप्लेन ही मुक्त लायब्ररी अनेक सिस्टम कॉलसाठी असे सविस्तर स्पष्टीकरण तयार करून देते. तिचा कोड वाचण्यासारखा आहे.

ईइंटर, म्हणजे सिग्नलमुळे कॉल मधेच तुटणे, सहसा वापरणाऱ्याला सांगू नये; कॉल पुन्हा करावा. क्लोज मात्र याला अपवाद आहे: लिनक्सवर तुटलेला क्लोज पुन्हा करू नये, कारण डिस्क्रिप्टर (उघड्या फाइलीचा क्रमांक) तोवर मोकळा झालेला असतो. संदेश दिल्यानंतर काम पुढे जाणार नसेल तर शून्याखेरीज एक्झिट कोडने थांबावे, नाहीतर शेल स्क्रिप्टला काम पार पडले असेच वाटेल.

शेवटी प्रत्येक संदेश मुद्दाम घडवून पाहावा. डिरेक्टरीचे नाव बदलावे, तिची एक्सची परवानगी काढावी, शेलच्या ‘यूलिमिट’ आज्ञेने उघड्या फाइलींची मर्यादा खाली आणावी. परवानगीची चाचणी रूट (सर्वाधिकार असलेला युजर) म्हणून घेऊ नये, कारण रूटला ती सहसा अडवत नाही आणि संदेश दिसतच नाही. ईनोस्पेससाठी लिनक्सवर ‘/डेव्ह/फुल’ ही फाइल असते, तिच्यात काहीही लिहिले की हीच त्रुटी मिळते. एफप्रिंटएफने तिच्यात दोन ओळी लिहून पाहा: ते बिनतक्रार यशस्वी होते, कारण मजकूर अजून बफरमध्येच, म्हणजे मेमरीतल्या तात्पुरत्या साठ्यातच, असतो, आणि त्रुटी उगवते ती एफक्लोजच्या वेळी, ज्याची परतीची किंमत बहुतेक कोडमध्ये तपासलेलीच नसते.