लढाऊ विमानाचं मॉडेल बिघडतं कुठे? या चुका टाळा

डेकल (पाण्यात भिजवून मॉडेलवर चढवायचं छापील चिन्ह) चढवलं, पाणी टिपलं, दुसऱ्या दिवशी खिडकीपाशी नेऊन पाहिलं, तर पंखावरच्या गोल चिन्हाभोवती चंदेरी झाक! बहुतेक जण डेकलला दोष देतात, पण डेकल चांगलंच असतं. त्याखालचा रंग मॅट, म्हणजे बिनचमकेचा होता. मॅट थर बारकाईने पाहिला तर खडबडीत असतो. त्याच्या खळग्यांत हवा अडकते आणि डेकलच्या पारदर्शक कडेखालून तीच चमकते. डेकलआधी ग्लॉस कोट, म्हणजे चमकदार पारदर्शक थर मारला असता तर ही वेळ आली नसती.

प्लास्टिक मॉडेलच्या कामात असं फार वेळा होतं. दोष दिसतो एका टप्प्यावर आणि चूक झालेली असते दोन टप्पे आधी. म्हणून इथे आधी काय दिसतं ते सांगते, मग मागे जाऊन बिघाड शोधू.

टेपबरोबर रंगही निघून आला

माझ्या १/७२ (खऱ्याच्या बहात्तराव्या भागाएवढ्या) स्पिटफायरवर हे घडलं. जून १९४४ च्या नॉर्मंडी आक्रमणाचे काळे-पांढरे पट्टे रंगवले होते. रंगाच्या कडा आखायला लावलेली मास्किंग टेप ओढली तशी पंखाच्या मुळाशी नखाएवढी खपली निघाली आणि खालचं करडं प्लास्टिक उघडं पडलं. टेप जास्त चिकट होती असं मला बरेच दिवस वाटत होतं. खरं कारण वेगळं होतं. मी भाग न धुताच काम सुरू केलं होतं. साच्यातून भाग सहज सुटावा म्हणून वापरलेल्या तेलकट पदार्थाचा अंश प्लास्टिकवर राहू शकतो आणि त्यात आपल्या बोटांचा तेलकटपणा मिसळतो. अशा पृष्ठभागावर रंग नुसता टेकलेला असतो, धरलेला नसतो.

उपाय साधा आहे. भाग सांगाड्यावर (किटमध्ये ते ज्या प्लास्टिकच्या चौकटीला जोडलेले येतात तिच्यावर) असतानाच कोमट पाण्यात भांड्यांचा साबण घालून मऊ ब्रशने धुवा आणि पूर्ण वाळू द्या. रंगाआधी प्रायमर, म्हणजे रंग धरून ठेवणारा पायाचा थर मारा. टेप आधी एकदोनदा काचेवर चिकटवून तिचा चिकटपणा कमी करा. काढताना ती वर ओढू नका, स्वतःवरच दुमडत सावकाश मागे न्या. टेपच्या कडेखाली रंग झिरपत असेल, तर कडेवर आधी खालचाच रंग किंवा क्लिअरचा (पारदर्शक वार्निशचा) पातळ हात द्या. जे झिरपायचं ते त्याच रंगात झिरपेल आणि दिसणार नाही. खपली निघालीच असेल, तर तिची कड बारीक पॉलिश पेपरने उतरती करा आणि तेवढ्याच भागावर प्रायमर-रंग पुन्हा द्या. सगळा पंख खरवडायची गरज नाही.

पट्ट्यांचं मापही इथेच सांगते, कारण ते सर्रास चुकतं. एक इंजिनाच्या विमानांवर प्रत्येक पट्टा १८ इंचांचा होता, म्हणजे १/७२ ला सुमारे ६.३५ मिमी आणि १/४८ ला ९.५ मिमी. हे पट्टे आक्रमणाच्या तोंडावर घाईघाईने, अनेकदा साध्या ब्रशने रंगवले गेले होते. त्यामुळे कड किंचित हलली तरी ती शोभून दिसते.

रंग दिल्यावर सांध्याची रेघ उमटली

धडाचे दोन अर्धे जोडताना पातळ सिमेंट (प्लास्टिक मॉडेलचा पाण्यासारखा पातळ गोंद) वापरलं, की ते प्लास्टिक विरघळवून दोन्ही कडा एकजीव करतं. ते सांध्याला नुसतं टेकवायचं, आत आपोआप ओढलं जातं. मग हलकं दाबलं, की वितळलेल्या प्लास्टिकचा बारीक कंगोरा बाहेर येतो. हा कंगोरा हवाच असतो, कारण सांधा त्यानेच भरतो. पण लगेच घासायला घेतलात तर मऊ प्लास्टिक खचतं आणि आठवड्याभराने तिथे खोलगट रेघ दिसते. एक पूर्ण दिवस थांबा. मग ४००, ६००, १००० नंबरच्या पॉलिश पेपरने क्रमाने घासा.

फटी भरायचा फिलर लागलाच तर तोही वाळताना आकसतो. एक जाड थर देण्यापेक्षा दोन पातळ थर द्या. डोळ्यांवर भरवसा ठेवू नका. करडं प्लास्टिक आणि पांढरा फिलर शेजारी असले, की गुळगुळीत सांधाही उंचसखल वाटतो आणि उंचसखल सांधा गुळगुळीत. प्रायमरचा एकसारखा थर पडला, की खरं काय ते कळतं.

पुढची चाकं हवेत, शेपटी टेबलावर

स्पिटफायर किंवा मस्टँग शेपटीच्याच चाकावर बसतात, त्यांची काळजी नको. पण नाकाखाली चाक असलेली विमानं, म्हणजे पी-३८, बी-२५, मेसरश्मिट मी-२६२, मिग-१५, नाकात वजन नसेल तर मागे कलंडतात. हे कळतं चाकं लावल्यावर, तोवर धड बंद झालेलं असतं. म्हणून चिकटवण्याआधी सगळं टेपने जोडा, मुख्य चाकांच्या रेषेवर दोन बोटांवर तोला आणि नाक खाली जाईपर्यंत वजन वाढवा. वर थोडं जास्तच घाला, कारण रंग आणि शेपटीकडचे बारीक भाग अजून यायचे असतात. वजन जितकं पुढे, तितकं कमी पुरतं. शिसं वापरत असाल तर ते पांढऱ्या पीव्हीए गोंदात बसवू नका. काळाच्या ओघात शिसं गंजतं, फुगतं आणि धडाचा सांधा उकलू शकतो. इपॉक्सी वापरा.

एअरब्रशचा रंग खरखरीत आला

हवेच्या दाबाने रंग फवारणाऱ्या एअरब्रशने रंगवलं आणि हात फिरवल्यावर वाळूसारखं लागतंय? रंग हवेतच वाळून पोचतोय. तो फार घट्ट आहे, किंवा एअरब्रश फार लांब आहे, किंवा दाब जास्त आहे. रंगातून कोळ्याच्या पायांसारखे ओघळ पळत असतील तर उलट दोष: फार पातळ किंवा फार जवळून. रंग दुधाइतका पातळ, हवेचा दाब १५ ते २० पीएसआय (दाबाचं एकक), अंतर १० सेंटिमीटरच्या आसपास, इथून सुरुवात करा आणि पहिला फवारा प्लास्टिकच्या चमच्यावर मारून पाहा. लॅकर (तीव्र द्रावकातला रंग) वापरताना कागदी मास्क पुरत नाही, तो वाफ अडवत नाही. सेंद्रिय वाफांसाठीचा फिल्टर असलेला मास्क आणि खेळती हवा, दोन्ही हवीत. याबाबत तडजोड करू नका.

वॉशने खालचा रंगच पुसला

इनॅमल वॉश, म्हणजे खाचा उठवायला वापरायचा खूप पातळ केलेला गडद रंग, थेट इनॅमल रंगावर गेला आणि त्यातल्या थिनरने खालचा रंग विरघळवला. मध्ये ॲक्रिलिक क्लिअरचा वाळलेला थर हवा.

काम सफाईदार, पण विमान खोटं वाटतं

ही चूक मला सगळ्यांत जास्त खुपते, कारण हाताला दोष देता येत नाही. पाहणंच कमी पडलेलं असतं.

पत्र्यांच्या सांध्यांच्या खाचा घ्या. १/७२ वर ०.३ मिमीची खाच म्हणजे खऱ्या विमानावर जवळपास २२ मिमीची फट! त्यात काळा वॉश भरला, की विमानाची जाळी होते. करडा-तपकिरी वॉश घ्या आणि बराचसा पुसून टाका. मस्टँगच्या पंखावर तर खाचा ठळक करूच नका. हवा सुरळीत वाहावी म्हणून पंखाच्या पुढच्या भागातले सांधे आणि रिव्हेट कारखान्यातच पुट्टीने बुजवून घासलेले असत आणि पंखाला चंदेरी रंग दिलेला असे. म्हणून धड उघड्या धातूचं आणि पंख रंगाचा, असा फरक दाखवायला हवा.

उभ्या मस्टँगचा हायड्रॉलिक दाब उतरला, की फ्लॅप (पंखाच्या मागच्या कडेचे हलते भाग) खाली झुकतात आणि चाकांची आतली झाकणं लोंबतात. स्पिटफायरचं उलट: उतरल्यावर फ्लॅप लगेच वर घेतले जात. तरी उभ्या स्पिटफायरचे फ्लॅप उघडे ठेवलेली मॉडेलं नेहमी दिसतात. प्रोपेलर लावतानाही थांबा. पात्याची फुगीर बाजू पुढे येते. शिवाय मर्लिन इंजिनाच्या आणि ग्रिफन इंजिनाच्या स्पिटफायरचे प्रोपेलर एकमेकांच्या उलट दिशेने फिरतात, त्यामुळे एकाची पाती दुसऱ्याला चालत नाहीत.

कॅनॉपी धुरकट झाली

कॅनॉपी म्हणजे कॉकपिटवरचं पारदर्शक झाकण. ती धुरकटण्याचं कारण बहुधा सुपरग्लू. त्याची वाफ पारदर्शक प्लास्टिकवर पांढरी बसते. कॅनॉपीला पीव्हीए गोंदच लावा. चौकटीवर आधी कॉकपिटच्या आतला रंग द्या आणि त्यावर बाहेरचा, म्हणजे आतून पाहिलं तरी चौकट बरोबर दिसेल. काचांवरची टेप शेवटचा मॅट कोट वाळल्यावरच काढा. आधीच धुरकटली असेल तर २००० च्या ओल्या पेपरने हलकी घासा, पॉलिशिंग कंपाउंडने चमकवा, ॲक्रिलिक ग्लॉस क्लिअरमध्ये बुडवा, कड टिश्यूवर टेकवून जादा थेंब टिपा आणि धूळ बसू नये म्हणून डब्याखाली झाकून रात्रभर ठेवा.