भट्टीवर हुकूम, टेबलावर कान: जागा बदलली की नेतृत्वाची रीत कशी बदलायची

कोल्हापूरजवळच्या शिरोलीच्या फाउंड्रीत, म्हणजे धातू ओतायच्या कारखान्यात, आवाजावर शिफ्ट चालवणारा सुपरवायझर दूध संघात मॅनेजर झाला, की पहिल्या दोन महिन्यांतच खटके उडायला लागतात. उलटंही होतं. सहकारात मुरलेला, सगळ्यांना विचारून चालणारा माणूस फाउंड्रीत येतो आणि वितळलेलं मेटल लॅडलमध्येच, म्हणजे ओतायच्या भांड्यातच, थंड होतं. दोघांनाही काम येत असतं. फक्त जुन्या जागेची रीत त्यांनी नव्या जागी जशीच्या तशी आणलेली असते.

नव्या जागी गेल्यावर पहिले दोन आठवडे काही बदलू नका. एक वही घाला आणि रोजच्या तीन-चार निर्णयांपुढे चार गोष्टी लिहा: विषय कुणी काढला, निर्णय कुणी दिला, अंमल कुणी केला आणि तो कुणी अडवू शकला असता. शेवटचा रकाना सगळ्यात महत्त्वाचा. कागदावरच्या हुद्द्यांच्या तक्त्यात ही माणसं सापडत नाहीत. इचलकरंजीत लूम बंद पडला तर मालकाच्या आधी जॉबरला, म्हणजे लूम दुरुस्त करणाऱ्या कारागिराला, विचारतात. गुऱ्हाळावर मालक कुणीही असो, काहील (रसाची मोठी कढई) कधी उतरवायची ते गूळ करणारा गुळव्या सांगतो. पाक 118 अंशांच्या आसपास आला की नाही हे तो थर्मामीटरशिवाय ओळखतो. वहीत अशी दोन-तीन नावं हमखास निघतात. त्यांना डावलून काढलेली ऑर्डर कागदावरच राहते.

मग प्रत्येक प्रकारच्या निर्णयासाठी बघा: वेळ किती आहे, आणि माहिती कुणाकडे आहे? वेळ मिनिटांत असेल तर हुकूम. वेळ असेल आणि माहिती खालच्या माणसाकडे असेल तर विचारणं भाग आहे. एकाच खात्यात, एकाच दिवशी दोन्ही लागतं.

फाउंड्रीचंच घ्या. एस.जी. आयर्नला (चिवट ओतीव लोखंडाला) मॅग्नेशियमची ट्रीटमेंट दिली की त्याचा असर मिनिटागणिक उतरतो. साधारण दहा मिनिटांत सगळे मोल्ड (साचे) ओतून झाले पाहिजेत. तिथं चर्चा नको. कोण लॅडल धरणार, कोण स्लॅग (वर आलेली मळी) काढणार, उशीर झाला तर उरलेलं मेटल कुठं ओतायचं हे शिफ्टच्या सुरुवातीलाच ठरवा आणि ओतताना एकाच माणसाचा आवाज चालू द्या. दोघं ओरडायला लागले की लॅडलवाला थांबतो, आणि थांबला की कास्टिंग गेलं.

दुसऱ्या दिवशी रिजेक्शनच्या, म्हणजे खराब निघालेल्या कास्टिंगच्या, टेबलावर मात्र हाच आवाज घात करतो. ब्लो होल्स (कास्टिंगमधली हवेची भोकं) का आले हे मोल्डिंगवाल्याला बहुतेक वेळा आदल्या दिवशीच कळलेलं असतं. “सायेब, वाळू वली हाय आज,” हे तो एकदा सांगून बघतो. त्यावर शिव्या खाल्ल्या तर पुढच्या वेळी गप्प बसतो, आणि ग्रीन सँडचा (साच्याच्या ओलसर वाळूचा) ओलावा साडेतीन टक्क्यांवरून पाचवर गेल्याचं तुम्हाला कास्टिंग फोडल्यावर समजतं. म्हणून ही बैठक अशी घ्या: वेळ पंधरा मिनिटं, कापलेले खराब तुकडे आणि सँड टेस्टिंगचं रजिस्टर टेबलावर. सगळ्यात कनिष्ठ माणूस आधी बोलेल, सुपरवायझर शेवटी. पहिली दहा मिनिटं ‘कुणामुळं’ हा प्रश्न बंद. सुपरवायझर आधी बोलला तर बाकीचे त्याचंच वाक्य फिरवून सांगतात.

सहकारी संस्थेत अधिकार मतातून येतो, तेव्हा इथं घाई महागात पडते. महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, 1960 प्रमाणे एका सभासदाला एकच मत, मग शेअर कितीही असोत. संचालक मंडळाची मुदत 5 वर्षं, आणि वर्ष संपल्यापासून सहा महिन्यांत, म्हणजे 30 सप्टेंबरपर्यंत, वार्षिक सभा. जिल्हा पातळीवरच्या दूध संघात गावोगावच्या दूध संस्थांचे ठरावधारक, म्हणजे संस्थेनं ठराव करून पाठवलेले प्रतिनिधी, मतदान करतात. समजा, संकलनाची वेळ अर्धा तास अलीकडे आणायची आहे. थेट परिपत्रक काढलंत तर तक्रार गावच्या सचिवाकडून ठरावधारकाकडे, तिथून संचालकाकडे आणि शेवटी चेअरमनच्या टेबलावर पोहोचते, आणि परिपत्रक मागं घ्यावं लागतं. क्रम उलटा ठेवा. आधी तालुक्यातल्या चार-सहा सचिवांशी बोला, मग त्या भागाच्या संचालकाशी, मग चेअरमनशी, मग मंडळाच्या विषयपत्रिकेवर विषय. परिपत्रक सगळ्यात शेवटी. महिना-दीड महिना जातो, तो धरूनच चाला. चिलिंग बंद पडलं तर मात्र दूध 4 अंशांवर ठेवण्यासाठी कुणाची सभा बोलवायची नसते. प्लँट ऑपरेटर सांगेल ते.

संचालकानं थेट खातेप्रमुखाला फोन करून काम सांगणं हा इथला जुनाच रोग. खातेप्रमुखांना एवढंच सांगा: फोन घ्या, नम्रपणे ऐका, आणि दिवस संपायच्या आत कार्यकारी संचालकांच्या कानावर लेखी घाला. भांडण न करता निम्मे फोन कमी होतात.

वरून आलेला हुकूम वाईटच, असं मात्र समजू नका. 26 जुलै 1902 रोजी शाहू महाराजांनी करवीर संस्थानातल्या नोकऱ्यांत 50 टक्के जागा मागासवर्गांसाठी राखल्या, तो निर्णय दरबारातल्या सहमतीवर सोडला असता तर झालाच नसता. ज्यांचं नुकसान होतंय त्यांना बैठकीत जागाच नसेल, तर बैठकीचं मत घेऊन उपयोग काय?

आता आपुलकी. मानसशास्त्रज्ञ जय बी. पी. सिन्हा यांनी भारतीय संस्थांसाठी मांडलेली रीत कोल्हापुरात चपखल बसते: माणसाची काळजी घ्या, पण ती कामाशी बांधलेली ठेवा, आणि माणूस तयार होईल तसा त्याला निर्णयात घ्या. घरच्या लग्नाला जा, आजारपणात चौकशी करा. इथं न जाणारा साहेब परकाच राहतो. घसरतं ते भावकी, गाव आणि तालमीच्या पोरांना झुकतं माप मिळायला लागल्यावर. उपाय साधा आहे: उचल आणि रजेचा नियम लिहून भिंतीवर लावा, आणि पहिला नकार आपल्याच गाववाल्याला द्या.

परदेशी ग्राहकाशी गाठ असेल तर डच अभ्यासक हॉफस्टेड यांचा सत्ता-अंतराचा निर्देशांक कामाचा आहे: भारत 77, जपान 54, जर्मनी 35. आकडा जेवढा मोठा, तेवढं वरिष्ठ-कनिष्ठातलं अंतर लोकांनी गृहीत धरलेलं. हे आकडे मुळात एकाच कंपनीच्या, आयबीएमच्या, कर्मचाऱ्यांवरून काढलेली देशाची सरासरी आहेत; समोरचा माणूस त्यावरून ओळखू नका. तयारीला मात्र उपयोगी पडतात. जर्मन ऑडिटर मशीनवरच्या ऑपरेटरलाच प्रश्न विचारेल, आणि सुपरवायझरनं मध्येच उत्तर दिलं तर त्याला शंका येईल. आदल्या दिवशी ऑपरेटरला त्याचा कंट्रोल प्लॅन (काय, किती वेळा तपासायचं त्याचा कागद) वाचून दाखवा आणि स्वतः दोन पावलं मागं उभे राहा. जपानी ग्राहकाकडं बैठकीत निर्णय मागू नका. संबंधित प्रत्येकाला आधी स्वतंत्रपणे कागद पाठवा आणि शंका मिटवा, बैठक शिक्कामोर्तबाला असते.

रीत बदलायची तर एका वेळी एकच बैठक बदला, आणि तसं आधी जाहीर करा. हुकुमाची सवय असलेल्या माणसांना एकदम “तुम्हीच ठरवा” म्हटलं की साहेबांनाच काही कळत नाही, असा अर्थ निघतो. सुरुवातीला तीन पर्याय देऊन एक निवडायला सांगा. महिन्याभरानं दोन पर्याय तुमचे, एक त्यांचा. सहा आठवड्यांनी वही काढून मोजा, खालून किती सूचना आल्या आणि त्यातल्या कितींना उत्तर गेलं. सूचनाच नसतील तर बैठकीत आधी कोण बोलतंय ते तपासा. सूचना येऊन उत्तर गेलं नसेल, तर नकार असला तरी कारणासह दोन दिवसांत कळवा, नाहीतर सातव्या आठवड्यात वही कोरी राहील.