मोठ्या मुलाला दत्तक घ्यायला परदेशी जाताना

तान्हं बाळ झोपेत देश बदलतं. नऊ वर्षांचं मूल जागं असतं. त्याची शाळा सुटते, मित्र सुटतात, भाषा सुटते, आणि नेमकी त्याच दिवसांत मोठी माणसं शिक्के आणि सह्यांच्या मागे पळत असतात. म्हणून कागदांचं जेवढं काम निघण्याआधी उरकता येईल तेवढं उरका. तिथले दिवस मुलासाठी मोकळे ठेवा.

कागद कुठे अडतात

दोन्ही देश १९९३ च्या हेग दत्तक करारात (परदेशी दत्तकाचे नियम ठरवणाऱ्या आंतरराष्ट्रीय करारात) असतील, तर दोन्हीकडच्या केंद्रीय यंत्रणांनी (दत्तकासाठी नेमलेल्या सरकारी कार्यालयांनी) होकार दिल्याशिवाय मूल तुमच्या हाती सोपवता येत नाही. काही देशांत दत्तकविधान तिथल्याच न्यायालयात पूर्ण होतं. काही देश फक्त ताबा देतात आणि दत्तकाचा आदेश घरी परतल्यावर घ्यावा लागतो. तुमचं प्रकरण यातलं कुठलं, हे तिकीट काढण्याआधी स्पष्ट करून घ्या. तिथेच दत्तकविधान पूर्ण झालं असेल, तर करारातल्या २३ व्या कलमाखालचं प्रमाणपत्र हातात घेतल्याशिवाय तो देश सोडू नका. त्याच्याच जोरावर करारातले इतर देश ते दत्तकविधान मान्य करतात.

मोठ्या मुलाच्या बाबतीत त्याची स्वतःची संमती लागते. वयाची अट देशागणिक वेगळी आहे: फिलिपिन्समध्ये १० वर्षं, पोलंडमध्ये १३. न्यायाधीश मुलाला थेट विचारतात. उत्तर पढवून ठेवू नका. मूल गप्प बसलं किंवा ‘नाही’ म्हणालं, तर दुभाष्याला बाजूला घेऊन रदबदली करण्याची ती वेळ नव्हे. त्याला कशाची भीती वाटते, ते संस्थेतल्या, म्हणजे मूल राहतं त्या बालगृहातल्या, त्याच्या विश्वासाच्या माणसाला विचारू द्या. पुष्कळदा मागे राहणाऱ्या भावंडाचा प्रश्न निघतो.

वरच्या वयाचीही मर्यादा असते. अमेरिकेत न्यायचं असेल, तर अर्ज साधारणपणे मूल १६ वर्षांचं होण्याआधी दाखल व्हावा लागतो. दारंही अचानक बंद होतात. इथिओपियाने २०१८ मध्ये परदेशी दत्तक थांबवलं, चीनने २०२४ मध्ये (नातेवाइकांकडून होणारं दत्तक वगळून). मोठ्या मुलाच्या फायलीत एक महिना वाया घालवणं म्हणूनच महागात पडतं.

सगळ्यात सामान्य घोळ नावाच्या स्पेलिंगचा. मुलाचं नाव दुसऱ्या लिपीतून उतरवलेलं असतं. एका कागदावर ते ‘वाय’ने सुरू होतं, दुसऱ्यावर ‘जे’ने. न्यायालयाचा आदेश, नवा जन्मदाखला, पासपोर्ट आणि व्हिसा अशा चारही ठिकाणी एकेक अक्षर बोट ठेवून तपासा, आणि तेही खिडकीवरून हलण्याआधी. नंतरच्या दुरुस्तीत आठवडे जातात.

दुसरा घोळ क्षयरोगाच्या तपासणीचा. व्हिसाच्या वैद्यकीय तपासणीत छातीच्या एक्स-रेमध्ये शंका आली तर थुंकीचं कल्चर (जंतू वाढवून पाहण्याची चाचणी) करतात, आणि त्याच्या अंतिम निकालाला आठ आठवडे लागू शकतात. संस्थेतर्फे ही तपासणी तुम्ही पोचण्याआधी होऊ शकते का, ते विचारा. बऱ्याचदा कोणी विचारत नाही म्हणूनच ती मागे राहते.

परतीचं तिकीट तारीख बदलता येणारंच घ्या. आदेश लागू होण्याआधी अपिलाची मुदत असू शकते, न्यायालयाला सुट्टी लागू शकते. दोघांपैकी एकाला लवकर परतावं लागलं, तर मागे राहणाऱ्याच्या नावे मुखत्यारपत्र घरूनच नोटरी आणि अपॉस्टिल (परदेशात चालणारं सरकारी साक्षांकन) करून न्या.

पैसे ठरलेल्या शुल्कापुरतेच द्या आणि प्रत्येक रकमेची पावती घ्या. हेग कराराच्या ३२ व्या कलमानुसार खर्च आणि वाजवी व्यावसायिक शुल्क यांपलीकडे कोणालाही लाभ घेता येत नाही. ऐन वेळी कोणी ‘फाईल पुढे सरकवायला’ पाकीट मागितलं, तर ते देऊ नका आणि आपल्या दत्तक एजन्सीला त्याच दिवशी लेखी कळवा. मुलाची फाईल पुढे संशयात सापडण्याचं ते एक कारण ठरतं.

बॅगेत काय

कपडे मुलाच्या वयाप्रमाणे घेऊ नका. संस्थेत वाढलेल्या मुलांची उंची मागे पडते. जुना ठोकताळा असा, की संस्थेतल्या दर तीन महिन्यांमागे वाढीचा साधारण एक महिना हुकतो. आदल्या आठवड्यात संस्थेकडून उंची, कमरेचा घेर आणि पावलाची लांबी सेंटिमीटरमध्ये मागवा. नाडीच्या पँट घ्या. बूट तिथेच, पायात घालून विकत घ्या. ती पहिली एकत्र खरेदी छान होते.

औषधांत ओआरएस, तापाचं औषध, उवांसाठी १ टक्का परमेथ्रिन लोशन आणि बारीक दातांची फणी. लोशन दहा मिनिटं ठेवून धुवायचं, नवव्या दिवशी पुन्हा लावायचं. उवा दिसल्या म्हणून केस भादरू नका. मुलाच्या हातात स्वतःचं म्हणावं असं फार थोडं असतं.

गाडी लागण्यावरचं औषध डॉक्टरांना विचारून ठेवाच. संस्थेतली मुलं गाडीत क्वचित बसलेली असतात, आणि पहिल्याच टॅक्सीत उलटी होते. मूल शरमतं, आईबाप गडबडतात. प्लॅस्टिकच्या पिशव्या, ओले रुमाल आणि एक जादा टी-शर्ट हाताशी ठेवा.

पहिली भेट

भेट संस्थेत, एक-दीड तासाची ठेवा. मिठी मारायला धावू नका. मुलाच्या शेजारी बसा आणि हाताला काहीतरी काम द्या: पत्ते, चित्रकलेची वही, घरचे फोटो. फोटोंत त्याची खोली, झोपायची जागा, घरातली सगळी माणसं आणि कुत्रा-मांजर असेल तर तेही दाखवा. खेळणी आणायची तर गटातल्या सगळ्यांना पुरतील अशी. एकट्याला दिलेली वस्तू रात्री हिसकावली जाते.

भाषेतली चाळीसेक वाक्यं पाठ करून जा. ‘कसा आहेस’पेक्षा ही जास्त कामाची: कुठे दुखतंय? बाथरूमला जायचंय? मी लगेच परत येते. आज आपण इथेच झोपणार. उद्या काय करायचं ते सांगते. फोनवरचं भाषांतर इंटरनेटशिवाय चालतं का, ते घरी तपासा. गंभीर विषयासाठी मात्र माणूसच दुभाषी हवा. यंत्राच्या चुकीच्या वाक्याने मुलाचा असा समज होऊ शकतो, की आपल्याला परत पाठवणार आहेत.

हॉटेलातले दिवस

मोठ्या हॉटेलपेक्षा स्वयंपाकघर असलेलं छोटं भाड्याचं घर बरं. नाश्त्याची भरलेली टेबलं पाहून काही मुलं पोट दुखेपर्यंत खातात, खिशात पाव कोंबतात. पाव काढून घेऊ नका. बिस्किटं आणि फळांचा एक डबा उशाशी ठेवून द्या आणि तो रिकामा दिसला की न बोलता भरा. अन्न लपवणं आठवड्यांत सुटतं, कधी महिने लागतात.

पहिल्या दिवशीच खिडकी-बाल्कनीची कडी, गरम पाण्याचा नळ, लिफ्ट आणि रस्ता ओलांडणं दाखवा. दहा वर्षांच्या मुलाला रहदारी कळत असेल असं गृहीत धरू नका. तो कदाचित कायम रांगेतून, कोणाचा तरी हात धरून चालला असेल. राहण्याच्या जागेचा पत्ता तिथल्या भाषेत लिहून त्याच्या खिशात ठेवा.

दिवसाला एकच बाहेरचं काम. प्रेक्षणीय स्थळं, नातेवाइकांचे व्हिडिओ कॉल, नव्या कपड्यांचा ढीग हे सगळं पहिल्या चार दिवसांत झालं, की पाचव्या दिवशी रडारड ठरलेली.

जे नंतर मिळत नाही

संस्थेतली फाईल पान न पान वाचायची परवानगी मागा आणि जमल्यास प्रत्येक पानाचा फोटो घ्या. लसींची नोंद, शाळेचे निकाल, जुने एक्स-रे, संस्थेत कोणी आणि कधी आणलं, भावंडं कुठे आहेत. जन्मतारीख अंदाजाने लिहिलेली वाटली तरी लगेच वय बदलायला निघू नका. नीट खाणंपिणं मिळू लागल्यावर वर्षभर थांबा, मग दात आणि वाढ पाहून डॉक्टरांशी बोला.

सांभाळणाऱ्या बाईंना विचारा: लाडाचं नाव काय, झोपताना दिवा लागतो का, कशाला घाबरतो, कोणाशी भांडतो, आजारी पडल्यावर काय मागतो. पलंगाचा, जेवणाच्या टेबलाचा, फाटकाचा, प्रत्येक बाईंचा आणि मित्रांचा फोटो काढा. निरोपासाठी अर्धा दिवस राखून ठेवा. ‘रडेल’ म्हणून चुपचाप गाडीत बसवणं ही मोठी चूक, कारण मग त्याला पुढच्या प्रत्येक गाडीची भीती वाटू शकते. जुना स्वेटर मागून घ्या. धुऊ नका, वास राहू द्या.

विमान

दोन विमानांच्या मध्ये निदान तीन तास हवेत. पासपोर्ट तपासणीला नव्या मुलासोबत वेळ लागतो. दूतावासाने बंद पाकीट दिलं असेल तर ते फोडू नका, ते जसंच्या तसं विमानतळावरच्या अधिकाऱ्याला द्यायचं असतं. झोपेसाठी ॲलर्जीचं औषध देण्याचा सल्ला मिळेल. काही मुलं त्याने उलट बेफाम होतात, तेव्हा ऐन विमानात प्रयोग नको. विमानतळावर फुगे आणि पंधरा नातेवाईकही नकोत, एक चालक पुरे.

नागरिकत्व आपोआप मिळालं असेल या भरवशावर राहू नका, प्रमाणपत्र मागवा. अमेरिकेतल्या २००० च्या कायद्याने दत्तक मुलांना आपोआप नागरिकत्व दिलं, पण २७ फेब्रुवारी २००१ ला ज्यांची १८ वर्षं पूर्ण झालेली होती ते त्यातून सुटले. आईबापांनी कागद पुरे न केलेले कितीतरी जण मोठेपणीही नागरिकत्वाविना राहिले.

आणि तिथे असतानाच मुलाचा आवाज त्याच्या भाषेत रेकॉर्ड करून ठेवा. आवडतं गाणं, मित्रांची नावं, शाळेचा रस्ता, एखादी गोष्ट. काही महिन्यांतच ती भाषा गळायला लागते. मग मूल स्वतःचंच बोलणं ऐकतं आणि विचारतं, मी काय म्हणतोय?